न चाखता रांधलेल्या नूडल्स

"तू तर गवत खातेस, हनी. तुला नाही जमायचं," ती म्हणाली, आणि माझं डोकंच सटकलं.

ती म्हणजे आमच्या समोरच्या घरातली म्हातारी. बॉथेल या अमेरिकन गावातल्या आमच्या गल्लीचा रस्ता जिथे गोल फिरून संपतो, तिथे तिचं निळं घर आणि आमचं करडं घर एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. वय ऐंशीच्या घरात, अंगकाठी काटक, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि जीभ अशी फटकळ की आमच्या नागपूरच्या बायकांनी हात टेकावेत. मी तिला मनातल्या मनात मावशी म्हणते. तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण ती लगेच विचारणार म्हणजे काय, आणि मग आईची बहीण, पण खरी बहीण नाही, असं सगळं समजावत बसावं लागणार. पण इथे मी तिला मावशीच म्हणणार आहे.

उन्हाळ्यात ती मागच्या अंगणात टोमॅटोंना पाणी घालताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग एका सेंटरमध्ये राहून व्यायाम झाले, आणि ऑक्टोबरात ती घरी आली. पाय बरा झाला होता. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, वॉकर धरून हिला आरामात चालता येईल. पण मावशी उठायचीच नाही. दिवसभर त्या मागे रेलणाऱ्या खुर्चीत बसून टीव्हीवर हवामान बघायची. हवामान काय बघायचंय त्यात? आमच्याकडे ऑक्टोबरपासून पाऊस म्हणजे पाऊसच असतो. आणि जेवण तर तिने जवळजवळ सोडलंच होतं.

गल्लीतल्या सगळ्यांनी डबे नेले. तिचा फ्रिज झाकणं लावलेल्या काचेच्या भांड्यांनी गच्च भरला. मीही नेलं. मुगाची खिचडी नेली, वरणभात आणि तूप नेलं, एकदा साबुदाणासुद्धा नेला. ती दोन चमचे खायची, ताटली बाजूला सारायची आणि म्हणायची, "छान आहे हं."

आता हे "छान" ऐकून मी एवढी का धसकायचे ते सांगते. ही बाई कधीच छान म्हणत नाही! मी पहिल्यांदा तिला उपमा खाऊ घातला तेव्हा ती म्हणाली होती, "हनी, ओली वाळू अशीच लागते." माझे लाडू तिने दाराला अडकण म्हणून ठेवण्याच्या लायकीचे ठरवले होते, आणि तरी चार खाल्ले होते. ती नावं ठेवायची, भांडायची, आणि ताटली चाटूनपुसून साफ करायची. तीच बाई आता शहाण्या पाहुण्यासारखी "छान" म्हणायला लागली, तेव्हा मला वाटलं, झालं, ही चालली आपल्या हातातून.

आणि चाललीच होती खरं तर. तिचा मुलगा ॲरिझोनाहून आला होता, दोन आठवड्यांची रजा काढून. भला माणूस. एका सकाळी मी कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवत होते, तोही तेच करत होता. तो म्हणाला, रविवारी मी परत जातोय आणि आईला बरोबर नेतोय. तिथे त्याच्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात खोली धरून ठेवली होती. हे घर विकायचं. मी म्हटलं, अहो, असं कसं? तर तो म्हणाला, "ती स्वतःहून खुर्चीतून उठत नाही, जेवत नाही. मी तिला इथे एकटीला कुणाच्या भरवशावर ठेवू?" मला "माझ्या भरवशावर" असं म्हणायचं होतं, पण मी दिवसभर नोकरीवर, आणि माझ्या हातची खिचडी तिच्या घशाखाली उतरत नाही. मी घरी आले आणि भांडी आपटली.

कारण मी नुकतीच इथे आले होते ना, तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते, नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, कडेवर मुलगी, आणि नवरा सकाळी रेडमंडला ऑफिसला गेला की अंधार पडल्यावर घरी. तेव्हा या बाईने एके दिवशी दार वाजवून विचारलं होतं, "तू कधी बाहेर पडतेस की नाही?" तिने तिच्या जुन्या गाडीवर मला ड्रायव्हिंग शिकवलं. शिकवलं म्हणजे शिव्या देत शिकवलं. पुढे परवानगी मिळाली आणि मी इंटरव्ह्यूला गेले, तेव्हा माझी मुलगी तिच्या मांडीवर होती. पण या सगळ्याहून मोठी गोष्ट तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेली आहे. मी मांस खात नाही हे कळल्यावर तिने एक नवा पॅन आणला होता आणि त्याच्या दांडीला विणकामातल्या लाल लोकरीचा दोरा बांधला होता. "हा तुझा," ती म्हणाली होती. "यात कधीही काही मेलेलं शिजणार नाही." आपल्याकडे हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी आणि लाल म्हणजे उलटं, पण मी काही बोलले नाही. मी न मागता माझ्या आवडीनिवडीसाठी वेगळं भांडं ठेवणारं माणूस मला या देशात दुसरं भेटलेलं नाही.

तर शुक्रवारी मी तिच्याकडे गेले आणि सरळ भांडणाच्याच सुरात विचारलं, "मग तू खाणार तरी काय? सांग ना एकदाचं!"

ती टीव्हीकडे बघतच म्हणाली, "बीफ-नूडल्स. एका पॅनमधलं. शुक्रवारी मी तेच करायचे. हा येईपर्यंत तयार." हा म्हणजे तिचा नवरा. मग पुढे म्हणाली, "पण ते मीच करायचे."

"मी करते," मी म्हटलं.

तेव्हा ती मान वळवून, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, माझ्याकडे नीट बघत ते वाक्य बोलली. तू तर गवत खातेस!

मी म्हटलं, "सांग कसं करायचं."

तिने सांगितलं. कांदा परत, त्यात बीफचा खिमा परत, पाणी घाल, रुंद नूडल्स त्यातच टाक, मशरूम सूपचा एक डबा ओत, झाकण ठेव, शिजलं की शेवटी सावर क्रीम, म्हणजे आंबट साय. अर्ध्या तासाचं काम. "आणि मीठबीठ घालत बसू नकोस," ती म्हणाली. "आणि तुझं ते पिवळंही नाही." पिवळं म्हणजे हळद.

मी तडक दुकानात गेले. अंगात असा काही उत्साह संचारला होता की गाडी दोन पार्किंगच्या मधोमध लावली आणि ते परत येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही.

मटणाच्या काउंटरसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिले. नेहमी त्या बाजूने जायचं झालं तर मी मान खाली घालून कार्ट पळवते. मनात काही आलं नाही असं कसं म्हणू? आलं. पोळ्याला बैलांना पुरणपोळी भरवणाऱ्या गावची मी. पण भूक तिची होती, माझी नव्हती, आणि तिने माझ्या तत्त्वांसाठी पॅन टांगला होता, तर मी तिच्या भुकेसाठी इथे उभी राहू शकत नाही? असं मी स्वतःला दटावलं आणि मान वर केली. पाकिटांवर लिहिलेलं होतं ऐंशी-वीस, नव्वद-दहा. मला वाटलं सेल आहे. पांढऱ्या ॲप्रनमधला माणूस म्हणाला, ते मांस किती आणि चरबी किती ते आहे. मी म्हटलं, "बीफ-नूडल्स करायचंय. एका पॅनमधलं. एका म्हातारीला आवडेल असं." तो हसला आणि म्हणाला, "म्हातारीला? मग ऐंशी-वीसच घ्या. त्यांना कोरडं आवडत नाही." मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

एक नवा मोठा पॅनही घेतला, झाकणासकट. मग सूपच्या डब्यांपाशी आले. डबा उचलून मागचं वाचलं. अबब! एवढी लांबलचक नावं, एकही स्वयंपाकघरातलं नाही. मी हिंगसुद्धा वास घेऊन पारखून घेणारी बाई, आणि आजारी माणसाला हे असलं डब्यातलं घालू? छे! डबा जागेवर ठेवला, ताजे मशरूम, दूध आणि लोणी घेतलं. म्हटलं, सूप मी घरी करीन, मावशीने जन्मात खाल्लं नसेल असं.

आता हे शिजवायचं कुठे, तर गॅरेजमध्ये. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत गॅरेजमध्ये एक शेगडी असतेच. मासे, वडे, मिरचीचा ठेचा, जे जे म्हणून पडद्यांना आणि कोटांना वास लावील, ते ते गॅरेजमध्ये. दिवाळी जवळ आली होती म्हणून आमची शेगडी आधीच काढून ठेवलेली होती, चकल्यांसाठी. मी गॅरेजचं दार पूर्ण वर केलं, टेबल मांडलं, स्वेटरवर ॲप्रन बांधला, आणि बाहेर धो धो पाऊस चालू असताना कामाला लागले.

पहिलं काम म्हणजे धुणं. आमच्याकडे धुतल्याशिवाय काहीही भांड्यात पडत नाही. तांदूळ धुवायचे, डाळ धुवायची, भाजी धुवायची, पार हिरव्या मिरच्यासुद्धा. म्हणून मी खिमा चाळणीत घेतला आणि गॅरेजमधल्या सिंकच्या नळाखाली धरला. आणि छान चोळून चोळून धुवायला लागले.

"आई, नो! नो नो नो!" मागून माझी मुलगी किंचाळली. ती पंधरा वर्षांची, घरात मराठी समजते, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. "यू डोन्ट वॉश इट!"

खाली बघितलं तर अर्धा खिमा चाळणीच्या भोकांतून सिंकमध्ये चालला होता, गुलाबी पाण्यात वाहत. "अगं बाई!" मी चाळणी उचलली. उरलेलं सगळं ओलं, लगदा झालेलं. मला रडू आणि हसू एकदमच आलं. नशीब मी दोन पाकिटं आणली होती, कारण आपल्याकडे कमी पडू नये म्हणून सगळं दुप्पटच आणायचं असतं. सिंक धुऊन काढलं, कांदा परतला आणि दुसरं पाकीट न धुता, डोळे मिटून, पॅनमध्ये टाकलं. मिटल्या डोळ्यांनीही माझ्या मनाला ते न धुतलेलं टोचत राहिलं, ते वेगळंच.

मुलीला म्हटलं, "तू चाखून बघशील ना शेवटी? मीठ-तिखट कळायला?" शाळेत ती बर्गर खाते हे मला माहीत होतं, मी कधी बोलले नाही. तर ती म्हणाली, "आई, आय ॲम व्हीगन नाऊ."

"कधीपासून?"

"सिन्स मंडे."

घ्या! घरात एकच आशा होती, तीही सोमवारी गेली.

खिमा चरचरायला लागला. आणि तो वास आला. आणि मला एकदम आमचं नागपूरचं अंगण दिसलं. आई माझ्यासारखीच, तोंडाला न लावणारी, पण बाबांना रविवारी मटण लागायचं. ते घरात नाही, अंगणातल्या विटांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. आई पदर खोचून ते करायची आणि एक थेंबही चाखायची नाही, देवाच्या नैवेद्याला आपण आधी चाखत नाही तसंच. आणि बाबांचं कधी मीठ कमी नाही, जास्त नाही. मला त्या क्षणी इतका आनंद झाला, बाप्पा! म्हटलं, हे आपल्या रक्तातच आहे की! गॅरेजमध्ये उभी राहून बीफ परतणारी मी एकटी वेडी नव्हे, माझ्यामागे माझी आई आहे.

मी तिला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"आई, तू बाबांचं मटण न चाखता करायचीस. मीठ बरोबर झालं हे तुला कसं कळायचं?"

"वासावर," आई म्हणाली. "मीठ पडलं की कच्चा वास मोडते. काहून वं? चिकन करून राहिली का?"

"हो, तसलंच काहीतरी."

"जावईबापूंसाठी?"

"नाही, समोरच्या मावशीसाठी."

"कर मग," आई म्हणाली. "आजारी माणसाच्या मनातलं करावं." आणि मी पुढचं काही सांगायच्या आत तिने दूधवाला आला म्हणून फोन ठेवला. बरंच झालं.

मग मी मशरूम चिरले, बाजूच्या पातेलीत लोण्यावर परतले, थोडा मैदा, दूध, आणि असं काही रेशमासारखं सूप झालं की मी स्वतःच दोन चमचे प्यायले. छान सौम्य लागलं. ते पॅनमध्ये ओतलं, पाणी ओतलं, नूडल्स सोडल्या. दोनदा हात मिसळणाच्या डब्याकडे गेला आणि दोनदा मी तो मागे घेतला. मीठही घातलं नाही. ती घालू नकोस म्हणाली होती, आणि तिच्या नवऱ्याच्या शुक्रवारच्या जेवणात मी कोण शहाणपणा करणार?

तेवढ्यात गॅरेजसमोर गाडीचे दिवे पडले. नवरा रेडमंडहून आला होता, आणि गाडी आत घ्यायला जागा नव्हती. तो लॅपटॉपची बॅग डोक्यावर धरून धावत आत आला, थबकला, आणि हुंगला.

"हे काय आहे?"

"बीफ."

माझा नवरा पुण्याचा. चिकन खातो, मासे खातो, पण बीफ म्हटल्यावर राष्ट्रगीताची घोषणा झाल्यासारखा तो सरळ उभा राहिला. "आपल्या चकलीच्या शेगडीवर?"

"शेगडीला काय कळतंय? पॅन नवा आहे."

"मग या पॅनला पण दोरा बांध," तो म्हणाला. आणि मग मी त्याला सगळं सांगितलं, रविवारचं, मुलाचं, खोलीचं. त्याने बॅग खाली ठेवली, माझ्या हातातला डाव घेतला आणि खालपासून हलवायला लागला, कारण माझ्या बोलण्याच्या नादात नूडल्स बुडाला लागल्या होत्या. हा माणूस असाच आहे. आधी टोमणा मारणार, मग हात लावणार. "चाखून बघू का मी?" तो हळूच म्हणाला. डाव तोंडापाशी नेला, थांबला, माझ्याकडे बघितलं. मला त्याची दया आली. म्हटलं, "नको रे. आई न चाखता करायची. मला येतं."

झाकण काढलं. नूडल्स फुगून टम्म झाल्या होत्या, रस दाटसर, वर वाफ. मी वास घेतला. अगदी मन लावून घेतला. आता आईला मटणाचा वास पिढ्यान्‌पिढ्या माहीत, मला या पदार्थाचा वास जन्मात पहिल्यांदा येत होता. पण त्या जोशात हे कुणाच्या लक्षात येतंय? मी म्हटलं, "झालं! एकदम परफेक्ट!" सावर क्रीम घातलं, झाकण लावलं, पॅन टॉवेलमध्ये गुंडाळला आणि आम्ही निघालो. नवऱ्याने छत्री धरली, माझ्यावर नाही, पॅनवर. मुलगी मागून आली, हातात ब्रेड. "धिस इज सो रॉन्ग," ती म्हणत होती, पण आली.

मावशीच्या घरात बोळातच दोन बॅगा उभ्या होत्या. एक मुलाची, एक तिची. त्या बघून माझा सगळा जोश खर्रकन उतरला. मुलाने टेबल तिच्या खुर्चीला लावलं, मी ताटलीत वाढलं, आणि आम्ही चौघं तिच्याभोवती उभे राहिलो, निकाल लागायचा असल्यासारखे.

तिने काट्याने एक नूडल उचलली, बघितली. मग तोंडात घातली. चावली. दुसरा घास घेतला. गिळला. काटा खाली ठेवला.

आता म्हणेल छान. देवा, छान म्हणू नको. काहीही म्हण, वाळू म्हण, माती म्हण, छान म्हणू नको.

"हे काय करून ठेवलंयस?" मावशी म्हणाली. "याला चवच नाही! मीठ कुठंय?"

मी उसळले. "तूच म्हणालीस घालू नकोस म्हणून!"

"अगं, मीठ सूपच्या डब्यात असतं! डबा कुठंय?"

"मी घरी केलं सूप. ताजं."

"घरी? कशाला?" तिचा आवाज चांगलाच चढला. "कुणी सांगितलं होतं तुला ताजं करायला? चाळीस वर्षं मी डब्यातलं घातलं आणि या घरात कुणी मेलं नाही त्याने!"

मुलगा मीठ आणायला धावला. स्वयंपाकघरात कपाटं उघडल्याचा आवाज आला, एक, मग दुसरं. मीही वळले. मावशीने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आपटले. "बसा सगळे! त्याला साखरेतलं आणि मिठातलं कळत नाही, आणि तुला तर काहीच कळत नाही."

आणि ती उठली.

कुणी हात दिला नाही. द्यायचं सुचलंच नाही कुणाला. तिने वॉकर ओढला, पुटपुटत, एक पाय, दुसरा पाय, बोळातल्या बॅगा वाटेत आल्या तर त्यांना वॉकरने ढोसून बाजूला केलं, आणि गेली सरळ स्वयंपाकघरात. मुलगा कपाटाचं दार धरून तसाच उभा राहिला होता. तिने त्याला बाजूला सरकवलं, वरच्या फळीवरून बरणी काढली, मला ओरडून पॅन आणायला लावला, तो शेगडीवर ठेवायला लावला, आणि मीठ घातलं, मिरपूड घातली, हलवलं, चाखलं, परत मीठ घातलं. मग ताटली मागायचीही वाट न बघता, ओट्याला टेकून, पॅनमधूनच खायला लागली. एक घास, दुसरा, चौथा, सहावा. मध्येच म्हणाली, "खिमा बरा परतलायस," आणि परत खायला लागली.

मला रडू फुटलं. सरळ हुंदकेच. नवरा खिशात रुमाल शोधत होता आणि त्याला सापडत नव्हता, कारण त्याचेही डोळे भरले होते. मुलगी "ओ माय गॉड, आई" म्हणत माझ्या पाठीवर हात फिरवत होती. आणि मावशीचा मुलगा, तो एवढा उंच बाप्या, कपाटाचं दार हळूच लावून, बोळात गेला, आणि आईची बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवून आला. रविवारी तो एकटाच गेला, हे आत्ताच सांगून टाकते, मला धीर निघत नाही.

त्या संध्याकाळी मात्र मावशीने पॅनमधलं पोटभर खाल्लं, तोंड पुसलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी अजून मुसमुसत होते. तिने वॉकर वळवला, भिंतीकडे गेली, आणि खुंटीवरून लाल दोऱ्याचा तो पॅन काढला. त्यावर धूळ बसली होती. ती तिने ॲप्रन नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीने पुसली आणि पॅन दुसऱ्या शेगडीवर ठेवला.

"आणि तू काय जेवणार आहेस?" ती म्हणाली.

"काहीही कर, मावशी," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती थांबली. "ते काय म्हणालीस? म्हणजे काय?"

"सांगते," मी म्हटलं. "आधी मीठ घाल."